दीड फुटावरचा चेंडू



समितीने अट घातली आहे की नोकरी, मुलांचे मार्क आणि गुडघेदुखी सोडून दहा मिनिटं कशावरही बोला. म्हणून मी गोल्फवर बोलणार आहे. मागच्या बाकांवरून हसू ऐकू आलं. पूर्वीही ते तिथूनच यायचं.

गोल्फ म्हणजे पैसेवाल्या, निवृत्त लोकांचा खेळ अशी माझीही समजूत होती. व्हर्जिनियात नोकरी करताना, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, ऑफिसातल्या मंडळींनी ओढून नेलं तेव्हा मी पहिल्यांदा काठी हातात धरली. मी अजूनही वाईटच खेळते. पण या खेळातली एक स्पर्धा माझ्या डोक्यात घर करून बसली आहे. तिचं नाव सोलहाइम कप. युरोपच्या बारा बायका विरुद्ध अमेरिकेच्या बारा बायका, तीन दिवस. पुरुषांचा रायडर कप 1927 पासून आहे. सेंट आल्बन्सच्या सॅम्युअल रायडर नावाच्या बियाणेवाल्याने तो चषक दिला. बायकांच्या कपाला 1990 उजाडावं लागलं आणि तो दिला एका इंजिनिअरने. हे कळल्यावर माझा जीव त्यात अडकला नसता तरच नवल.

कार्स्टन सोलहाइम मूळचा नॉर्वेतल्या बर्गनचा, चांभाराचा मुलगा. लहानपणीच कुटुंब अमेरिकेत सिएटलला गेलं. मंदीमुळे कॉलेज सुटलं आणि त्याने काही काळ चपला-बूट शिवले. पुढे विमानांच्या कारखान्यांत आणि मग जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर झाला. गोल्फ त्याने बेचाळिसाव्या वर्षी धरला (म्हणजे मला चार वर्षांची आघाडी आहे!). खड्ड्याजवळ आल्यावर चेंडू हळूच ढकलतात, त्याला पट म्हणतात आणि त्या काठीला पटर. कार्स्टनला पट जमेना. बहुतेक लोक अशा वेळी स्वतःला दोष देतात, याने काठीला दिला. 1959 मध्ये घराच्या गॅरेजमध्ये त्याने नवा पटर बनवला. डोंबारी दोरीवर चालताना लांब काठी आडवी का धरतो? वजन दोन्ही टोकांकडे गेलं की ती पटकन फिरत नाही. कार्स्टनने पटरच्या डोक्याचं वजन तसंच मधून काढून दोन्ही कडांना नेलं. चेंडू थोडा बाजूला लागला तरी काठी वळायची नाही. मारताना 'पिंग' असा आवाज यायचा, तेच कंपनीचं नाव झालं.

त्याचा जन्म 15 सप्टेंबर 1911 चा. आपल्याकडे 15 सप्टेंबर हा विश्वेश्वरय्यांचा जन्मदिवस म्हणून अभियंता दिन असतो. योगायोगच, पण मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिला सामना फ्लोरिडात लेक नोना इथे झाला. आठ-आठ खेळाडू, अमेरिका 11½, युरोप 4½. लोकांना वाटलं, हे एकतर्फीच चालणार. दोन वर्षांनी एडिंबरोजवळ डॅल्महॉयला युरोपने 11½–6½ असं हरवून दाखवलं. आजवर एकोणीस वेळा कप झाला आहे. अकरा अमेरिकेचे, सात युरोपचे आणि 2023 मध्ये स्पेनमध्ये 14–14 अशी पहिलीच बरोबरी. बरोबरी झाली की कप आधीच्या विजेत्यांकडेच राहतो, म्हणून तो युरोपकडे राहिला. कप म्हणजे आयर्लंडच्या वॉटरफर्डच्या काचेचा. हातात घेऊन नाचताना मला बघवत नाही.

आता थोडं खेळाबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. एरवी गोल्फमध्ये चार दिवसांचे एकूण फटके मोजतात. इथे प्रत्येक होल म्हणजे एक छोटी लढाई. होल जिंका, पुढच्यावर चला. एकूण 28 गुण. पहिले दोन दिवस जोड्या. फोरसममध्ये जोडीला मिळून एकच चेंडू आणि फटके आळीपाळीने. म्हणजे जोडीदारणीने झुडपात घातलेला चेंडू तुम्ही काढायचा आणि तोंडावर हसू ठेवायचं. संसार केलेल्यांना जास्त समजवायला नको. फोरबॉलमध्ये चौघींचे चार चेंडू. शेवटच्या दिवशी बारा एकेरी सामने.

या प्रकारात एक गोष्ट अशी आहे जी मला दुसऱ्या कुठल्या खेळात आढळली नाही. समोरच्याचा चेंडू खड्ड्याच्या अगदी जवळ असेल, तर तुम्ही म्हणू शकता, 'दिला.' तिने तो पट मारायचाच नाही, पडला असं धरायचं आणि चेंडू उचलायचा. आपल्या अंगणातला कच्चा लिंबू आठवला ना? पण हे नेमकं उलट आहे. कच्च्या लिंबूला सवलत असायची कारण त्याला जमणार नाही. इथे देतात ते तिला जमणारच आहे म्हणून. 1969 च्या रायडर कपमध्ये अगदी शेवटच्या होलवर जॅक निकलसने टोनी जॅकलिनला दोन-अडीच फुटांचा पट असाच देऊन टाकला आणि सामना 16–16 बरोबरीत सुटला. निकलसचा कप्तान सॅम स्नीड नाराज झाला, जग मात्र अजून त्याचं कौतुक करतंय.

नियम स्पष्ट आहे. 'दिला' हे शब्दाने किंवा कृतीने उघड सांगावं लागतं. एकदा दिला की परत घेता येत नाही. न सांगता दिल्यासारखं धरता येत नाही.

आता 2015, जर्मनीतलं सेंट लिऑन-रोट. आदल्या दिवशी अंधारामुळे राहिलेला फोरबॉल रविवारी सकाळी पुढे सुरू झाला. एकीकडे सुझान पेटरसन आणि एकोणीस वर्षांची चार्ली हल, दुसरीकडे ब्रिटनी लिन्सिकम आणि पहिलाच कप खेळणारी, वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी ॲलिसन ली. सामना बरोबरीत. सतराव्या होलवर लीचा जिंकायचा पट चुकला आणि चेंडू दीडेक फुटावर थांबला. हल पाठ फिरवून चालायला लागली. लीला वाटलं, कोणीतरी 'दिला' म्हणालं. तिने चेंडू उचलला.

पेटरसन म्हणाली, आम्ही दिला नव्हता.

होल युरोपचा, पुढे सामनाही. त्या सकाळी ली रडली, हलही रडली. युरोप 10–6 ने पुढे होता. दुपारी एकेरीत अमेरिकेने बारापैकी साडेआठ गुण घेतले आणि कप 14½–13½ ने नेला. रागावलेल्या माणसांचा संघ कसा खेळतो ते पाहायचं असेल तर ती दुपार बघा. दुसऱ्या दिवशी पेटरसनने जाहीर माफी मागितली. आपण त्या क्षणी खेळाचं मोठं चित्र पाहिलं नाही, असा त्याचा आशय होता.

यावर माझं आणि माझ्या मुलीचं भांडण होतं. ती हायस्कूलच्या संघात खेळते. तिचं म्हणणं, 'आई, नियम पेटरसनच्या बाजूने आहे. लीने विचारायला हवं होतं. तोंड होतं ना तिला?' मी जन्मभर कोड लिहिणारी बाई. संदिग्ध ठेवू नका, गृहीत धरू नका, विचारून घ्या, हे मी दर आठवड्याला कोणाला ना कोणाला ऐकवते. म्हणजे मी मुलीच्याच बाजूला असायला हवं. पण मी नाही. नियम पेटरसनला 'दिला नव्हता' असं म्हणायची मुभा देत होता. 'होता' म्हणायला तिला कोणी अडवत नव्हतं. ते तिच्या हातात होतं, पंचाच्या नव्हे.

मुलगी मग 2021 काढते, आणि तिथे माझी पंचाईत होते. ओहायोत टोलेडोला नेली कोर्डाचा पट खड्ड्याच्या कडेला येऊन थांबला. युरोपच्या मॅडेलिन सागस्ट्रॉमने चेंडू उचलून तिच्याकडे टाकला, म्हणजे पुढचा पट देऊन टाकला. चांगुलपणाच की! पण कडेवर लटकलेल्या चेंडूसाठी दहा सेकंद थांबायचा नियम आहे. ती थांबली नाही. पंच म्हणाले, चेंडू आधीच्याच फटक्यात पडला असं धरायचं. होल अमेरिकेचा, आणि तो सामना अमेरिकेने एका होलने जिंकला. कोर्डाने काही मागितलंही नव्हतं. कप मात्र युरोपने 15–13 ने राखला. 'बघ,' मुलगी म्हणते, 'दिलं तरी मार, नाही दिलं तरी मार. मग नियमच बरा.'

माझं अजून पटत नाही. सागस्ट्रॉमचं एका होलचं नुकसान झालं, पण त्या संध्याकाळी तिच्याकडे कोणी वाकडं बघितलं नाही. स्कॉटलंडमधल्या लॉक लोमंडला 2000 मध्ये ॲनिका सोरेनस्टॅमने बाहेरून मारलेला फटका थेट खड्ड्यात गेला. अमेरिकेच्या संघाने अंतर बघून सांगितलं, तुझी पाळी नव्हती, पुन्हा मार. नियमाने बरोबर होतं. ती रडत पुन्हा खेळली, या वेळी गेला नाही. कप युरोपनेच जिंकला. कार्स्टन त्याच वर्षी फेब्रुवारीत गेला होता. लोकांना आज आठवतं ते ॲनिकाचं रडणं.

पण पेटरसनची गोष्ट तिथे संपली नाही, म्हणून मला ती जास्त आवडते. 2019, ग्लेनईगल्स. मधल्या काळात तिला मुलगा झाला होता, खेळ जवळजवळ थांबला होता. कप्तान कॅट्रिओना मॅथ्यूने तिला स्वतःच्या अधिकारात संघात घेतलं, तेव्हा बरीच कुजबुज झाली. शेवटच्या दिवशी, शेवटच्या होलवर, सातेक फुटांचा पट आणि त्यावर कप. या वेळी द्या-घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिने तो घातला. 14½–13½. आणि तिथेच, त्याच मैदानावर, निवृत्ती जाहीर केली. पुढे 2023 आणि 2024 ला ती युरोपची कप्तान होती.

2024 चा कप व्हर्जिनियात गेन्सव्हिलला, म्हणजे आमच्या घरापासून गाडीने जाण्याइतका जवळ आला. रविवार होता 15 सप्टेंबर. मुलगी आणि मी सकाळीच पोचलो. पहिल्या टीवर एरवी गोल्फमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते. इथे गाणी, ढोल, गालांवर झेंडे, आणि फटका मारायच्या आधी खेळाडूच हात वर करून सांगतात, आणखी ओरडा! गणपतीच्या मिरवणुकीची सवय असल्याने मला जड गेलं नाही. अमेरिका 10–6 ने पुढे होती, पण दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरले होते. शेवटी व्हिएतनाममधून बोटीने आलेल्या कुटुंबातल्या लिलिया वूने अठराव्यावर बर्डी घालून अर्धा गुण मिळवला आणि कप अमेरिकेचा झाला. 15½–12½.

एक तक्रार करून घेते. आज बायकांच्या गोल्फमध्ये कोरिया, थायलंड, जपानच्या मुली भारी आहेत. आपल्या अदिती अशोकचं टोकियो ऑलिंपिकमध्ये पदक थोडक्यात हुकलं, ती चौथी आली. यांतल्या कोणालाच या कपात जागा नाही, कारण तो दोनच खंडांचा. अमेरिकेच्या संघात ली, वू, खांग अशी नावं दिसतात तेवढाच आपल्या खंडाचा भाग.

तर पुढचा कप सप्टेंबर 2026 मध्ये नेदरलँड्समध्ये आहे. आपल्या वर्गातले निदान दोघे तिकडे राहतात असं व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं आहे. त्यांनी माझी आणि मुलीची झोपायची सोय करून ठेवावी. जेवण मी करीन. आणि 2015 चा विषय काढायचा असेल तर माझ्या मुलीसमोर काढू नका, रात्र जाईल.