गोंड राजांच्या खांबांची वाट



अरण्यांतून वाहन हांकणें म्हणजे मोठें धाडस, असा आपणां नागर मंडळींचा समज असतो. ज्या वाटेविषयीं मी आज बोलणार आहें, तिला धाडस लागत नाहीं. लागते ती शांतता. ही वाट ताडोबाच्या अरण्यांतली.

चंद्रपूर, म्हणजे पूर्वींचा चांदा, ही गोंड राजांची राजधानी. इरई आणि झरपट यांच्या संगमाजवळील या कोटबंद नगरांतून जटपुरा दरवाजानें उत्तरेस निघालें, कीं सुमारें तासाभरांत मोहर्लीचें फाटक येतें. तेथें आपली मोटार ठेवावी आणि वनखात्याकडे नोंदलेल्या उघड्या जिप्सींत वाटाड्यासह बसावें. मुख्य रस्ता बरा. फांटे मातीचे, पण चढउतार बेताचे. चालक संथ हांकतो, भोंगा वाजवीत नाहीं, आणि चितळाची वा वानराची हांक उठली, कीं यंत्र बंद करून ऐकत राहतो. वाहनांतून पाय खालीं टेकावयाचा नाहीं, हा पहिला नियम. भर पावसाळ्यांत ही वाट बंदच असते.

दोहों बाजूंस साग आणि बांबू. त्यांतच रस्त्याच्या कडेस दगडी खांब ओळीनें उभे दिसतात. प्रवाशाची दृष्टि वाघाच्या शोधांत असल्यानें त्यांकडे क्वचितच वळते. लोक सांगतात, कीं गोंड राजांच्या काळीं या खांबांवरून दोर ओढलेला असे व त्यास घंटा बांधलेल्या असत; राजाची स्वारी अथवा निरोप निघाला, कीं घंटानाद एका खांबावरून दुसऱ्याकडे धांवत पुढें जाई. आज दोर नाहीं, घंटा नाहीं. खांब मात्र आहेत.

पुढें ताडोबाचें तळें लागतें. विस्तार सुमारें १२० हेक्टर, पाण्यांत मगरी. काठावर मोठ्या झाडाखालीं तारूचें ठाणें आहे. तारू हा गांवचा प्रमुख. वाघाशीं झुंजतांना तो पडला व लोकांनीं त्याला देव मानलें, अशी कथा आहे. अरण्याचें नांवही त्याच्यावरूनच पडलें, असें म्हणतात. पौषांत येथें आदिवासींची जत्रा भरत असे.

पुढची हकीकत सनावळीची आहे. १९३५ सालीं येथील शिकार बंद झाली. १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें. १९८६ सालीं अंधारी अभयारण्य निर्माण झालें. आणि १९९५ सालीं दोन्ही मिळून सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा व्याघ्रप्रकल्प झाला. वाघास मोकळीक मिळावी म्हणून बोटेझरी, नवेगांव, जामणी यांसारखीं गांवें अरण्याबाहेर वसविण्यांत आलीं. वाघ वांचला, हें खरेंच. परंतु वाघानें मारलेल्या माणसाचा देव रानांत राहिला आणि त्याला पुजणारीं माणसें बाहेर गेलीं, हेंही तितकेंच खरें. एका हिशेबाच्या या दोन बाजू आहेत. त्यांपैकीं एकच वाचून परतूं नये.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपले वाटाडे बहुधा आसपासच्या गांवांतले असतात. वाघाची चौकशी अवश्य करा, पण एखाद्या खांबापाशीं दोन मिनिटें गाडी थांबवावयास सांगा, आणि विचारा, "दादा, तुमच्या वाडवडिलांचें गांव कोणत्या बाजूला होतें?" वाघ दिसेल न दिसेल, या प्रश्नाला उत्तर मात्र हटकून मिळेल.