गुडघा बदलण्याआधी



गुडघेदुखीचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं दोन टोकांना जातं. एक टोक तेल-मालिश आणि वेदनाशामक गोळ्यांचं, दुसरं थेट वाटी बदलण्याचं. २००० आणि २००१ साली तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि कृत्रिम सांध्याची माहिती घरोघर पोचली. पुढे २०१७ मध्ये सरकारने या सांध्यांच्या किमतींना मर्यादा घातली. सत्तरीच्या माणसाचं त्यात भलंच झालं. पण पंचेचाळीस-पन्नाशीतल्या, पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेल्या आणि फक्त आतल्या अंगाला दुखणाऱ्या माणसासाठी तिसराही उपाय आहे, तो म्हणजे हाड कापून पाय सरळ करण्याचा. हाय टिबियल ऑस्टिओटॉमी हे त्याचं नाव. अशा रुग्णांच्या बाबतीत त्याचा विचार कृत्रिम सांध्याच्या आधी व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

खुब्याच्या गोळ्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत रेघ ओढली, तर सरळ पायात ती गुडघ्याच्या जवळजवळ मधून जाते. तरीसुद्धा चालताना साधारण ६० ते ७० टक्के भार गुडघ्याच्या आतल्या अर्ध्या भागावरच पडतो. पाय बाहेर वाकला की ही रेघ आणखी आत सरकते. मग आतली कूर्चा झिजते, झिजल्यामुळे ती बाजू खचते, खचल्यामुळे पाय जास्त वाकतो आणि वाकल्यामुळे झीज वाढते. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवर दीड वर्ष लक्ष ठेवलं गेलं. पाय बाहेर वाकलेले असतील तर आतल्या बाजूची झीज वाढण्याची शक्यता सुमारे चौपट, असं त्यातून दिसलं. दुखण्याचं मूळ भाराच्या वाटेत असेल तर नुसती सांध्याची साफसफाई करून काय साधणार? दुर्बिणीतून सांधा धुण्याची परीक्षा २००२ साली ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर झाली. ज्यांच्या गुडघ्यावर फक्त कातडीला छेद घेतले होते, त्यांनाही इतरांइतकाच आराम पडला.

पाय सरळ करण्याची कल्पना नवी नाही. मेयो क्लिनिकच्या डॉ. मार्क कॉव्हेंट्री यांनी १९६५ साली आपली पद्धत मांडली. ते बाहेरच्या बाजूने हाडाची पाचर काढून घेत आणि फट मिटवत. आज बहुतेक ठिकाणी आतल्या बाजूने फट उघडतात. गुडघ्याखाली तीन-चार सेंटिमीटरवर नडगीचं हाड आतून बाहेर, किंचित वर तिरपं कापत नेतात, पण पलीकडचं सुमारे एक सेंटिमीटर हाड मुद्दाम शाबूत ठेवतात. त्याच बिजागरीवर फट सावकाश, मिलिमीटर-मिलिमीटरने उघडायची असते. घाई केली तर बिजागरीच तडकते. एका मिलिमीटरला साधारण एक अंश पाय सरळ होतो, असा ढोबळ हिशेब आहे. शल्यचिकित्सक टेबलावरच एक्स-रे पाहत भाराची रेघ मध्यापासून थोडी बाहेर नेतात आणि प्लेट व स्क्रूंनी हाड घट्ट धरून ठेवतात. सांधा उघडावा लागत नाही आणि माणसाचा स्वतःचा गुडघा कायम राहतो. मांडी घालून जेवायला बसणं, शेतात उकिडवं बसून काम करणं ज्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, त्यांच्यासाठी ही मोठीच गोष्ट आहे.

यावर पहिला आक्षेप टिकाऊपणाचा. दहा वर्षांनी साधारण तीन-चतुर्थांश रुग्णांना कृत्रिम सांधा लागलेला नसतो. म्हणजे उरलेल्यांना लागतो, आणि ते लपवून चालणार नाही. उलट बाजूने सांगितलं जातं की आजचे कृत्रिम गुडघे दहापैकी आठ तरी २५ वर्षं टिकतात. हेही खरं. पण ते बसवून घेणारे बहुतेक जण वयस्क असतात. ब्रिटनमधल्या आकडेवारीचा अभ्यास २०१७ साली लॅन्सेटमध्ये आला. सत्तरीनंतर गुडघा बदलणाऱ्यांना आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आसपास निघाली, तर पन्नाशीच्या सुरुवातीला बदलणाऱ्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत गेली. दुसऱ्यांदा सांधा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. पाय सरळ करून घेतल्यावर पुढे गुडघा बदलायची वेळ आलीच, तर तो बदलता येतो. प्लेट काढणं, जुना व्रण सांभाळणं असं काम थोडं वाढतं, एवढंच. बरं व्हायला वेळ लागतो हा आक्षेप मात्र मान्य करायलाच हवा. काही आठवडे वॉकर किंवा कुबड्या लागतात आणि फट हाडाने भरून यायला महिने जातात. हातावर पोट असलेल्या माणसाने ही बुडणारी मजुरी आधीच हिशेबात धरावी.

हा उपाय सगळ्यांसाठी नाही. बाहेरची बाजूही झिजली असेल, आमवात असेल, गुडघा पुरेसा वाकत किंवा सरळ होत नसेल, तर तो टाळावा. तंबाखू ओढणाऱ्यांचं हाड जुळायला वेळ लागतो, कधी जुळतच नाही. पाय फक्त दिसायला वाकडे आहेत म्हणून तर कापूच नयेत. बेल्जियममध्ये विशीतल्या निरोगी तरुणांची मोजणी झाली, तेव्हा ३२ टक्के मुलांचे आणि १७ टक्के मुलींचे पाय मुळातच थोडे बाहेर वाकलेले निघाले. शेजारच्या बारीक हाडाचा, फिबुलाचा, तुकडा काढण्याची स्वस्त शस्त्रक्रिया चीनमधून आली आणि आपल्याकडेही रुळली. तिने भाराची रेघ भरवशाने सरकते, याचा पुरावा तोकडा आहे. पैसे वाचतात म्हणून ती पत्करू नये.

तेव्हा पन्नाशीच्या आत-बाहेर असाल, पाय वाकलेले असतील आणि गुडघा बदला असं सांगितलं गेलं असेल, तर आधी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा, उभं राहून काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे मागा. भाराची रेघ कुठून जाते ते त्यावर डॉक्टरांकडून समजून घ्या आणि पाय सरळ करून भागेल का, हे त्यांना स्पष्ट विचारा.