पाव किलो पाव



आत्ताच स्वागतपर भाषणात आपण ऐकलेत, की पीठ पूर्वी पायांनी तुडवत, म्हणून पावाला पाव म्हणतात. टाळ्या पडल्या. माझे भांडण त्या टाळ्यांशी आहे. स्वागताध्यक्ष माझे जुने स्नेही, रात्रीचे जेवणही त्यांच्याकडेच, तेव्हा त्यांना मी तूर्त सोडतो.

मराठी माणूस पायाला 'पाव' कधी म्हणतो? पाय म्हणतो, पाऊल म्हणतो. 'पाँव' हिंदीतला. म्हणजे मराठी शब्दाची गोष्ट रचायला पायसुद्धा शेजाऱ्याकडून उसना आणला. पोर्तुगीज भाषेत या जिन्नसाचे नाव उच्चाराने जवळजवळ 'पांव'च आहे, आणि तो भाजणाऱ्याला तिथे जो शब्द आहे त्याचा गोव्यात 'पोदेर' झाला. तो पोदेर आजही सकाळी सायकलचा भोंगा वाजवत दारात येतो. जिन्नस आणि तो करणारा, दोघांची नावे एकाच गलबतातून उतरली, तरी आपण पिठात पाय शोधतोय! पाय आहे, पण दुसरीकडे. 'पाव किलो'तला पाव हा संस्कृत 'पाद'. चार पायांतला एक, म्हणजे चौथा हिस्सा. दुकानात 'पाव किलो पाव द्या' म्हणालात, तर पहिला पाव घरचा आणि दुसरा लिस्बनचा. (पाव लादीवर मिळतो, किलोवर नाही, हे मला ठाऊक आहे. चालवून घ्या.)

आता स्वतःची फजिती सांगतो, नाहीतर म्हणाल अध्यक्ष सोवळ्यात बसलेत. तिशीत असताना मी एका मासिकात 'अडकित्ता' या शब्दावर चार पाने लिहिली. अडकवून कातरतो तो अडकित्ता, असा माझा सिद्धान्त. संस्कृत धातू, उपसर्ग, सगळा सरंजाम होता. पुढे सोलापुरात एका पानवाल्याच्या ठेल्यावर ही विद्वत्ता मी मोठ्याने सांगत होतो. त्याने चुना लावता लावता मान वर केली आणि म्हणाला, "साहेब, आमच्या कन्नडात सुपारीलाच अडिके म्हणतात." पुढे काही बोलला नाही, पान दिले. माझी चार पाने त्या एका वाक्यात कातरली गेली. कोल्हापुरातून एसटीत बसले की तास-दीड तासात कन्नड कानावर पडते. पण कान तिकडे करायचा नाही, कारण काशीला जायची सवय. अण्णा, अक्का ही घरातली माणसे तिकडची. तूप घ्या. 'घृता'पासून हिंदीचे घी निघते, ते कसे निघते हे दाखवता येते. 'घृता'पासून तूप काढून दाखवा! प्राकृतात ते 'तुप्प' आहे, कन्नडातही 'तुप्प' आहे.

म्हणून म्हणतो, शब्दांच्या वेडाने मंडळ काढताय तर आधी ठरवा, की इथे सारखे ऐकू येणे हा पुरावा धरला जाणार नाही. पुरावा कसा दिसतो? हिंदीत खेत, मराठीत शेत. हिंदीत मक्खी, मराठीत माशी. ईख आणि ऊस. कोख आणि कूस. क्षेत्र, मक्षिका, इक्षु, कुक्षि या चारही शब्दांत 'क्ष' आहे. हिंदीने त्याचा ख केला, आपण श किंवा स केला. याला म्हणतात चाल. एक शब्द योगायोगाने जुळतो, शब्दांची रांग योगायोगाने जुळत नाही. आणि मग लगेच कुणीतरी विचारायला हवे, की क्षीर आणि लक्ष यांचे मराठीतही 'खीर' आणि 'लाख' का झाले? विचारणाऱ्याला खाली बसवू नका. त्याचीच सभासद-वर्गणी माफ करा. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर ग्रंथ लिहिला, तो असलेच अवघड प्रश्न विचारत. 1941 साली वासुदेव गोपाळ परांजप्यांनी तो मराठीत आणला. इथे किती जणांनी उघडलाय, ते मी विचारत नाही, जेवायची वेळ झाली आहे. कृ. पां. कुलकर्ण्यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' 1946 चा. त्याच्याशी भांडायचे तरी आधी तो हातात घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट. शब्द फक्त पोथीत नसतात. माझ्या गल्लीत सध्या एक घर बांधले जात आहे. गवंड्याच्या हाताखालची बाई घमेले डोक्यावर घेऊन फळीवरून चढते. घमेले पोर्तुगीज. पाण्याचे पिंप पोर्तुगीज. सुतार दाराला बिजागरी ठोकतोय, ती पोर्तुगीज. शनिवारी पगार होतो, तोही. मुकादम कोठीला कुलूप घालून चावी कनवटीला लावतो, तीही. हा सगळा हिशेब कुणी मांडला? बार्देशातल्या आसगावच्या एका पाद्र्याने. सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांचा ग्रंथ 1913 साली काढला. मराठीच्या व्यासपीठांवर मी त्यांचे नाव क्वचितच ऐकले. मोल्सवर्थचे नाव घेतो, कारण तो साहेब. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1857 ची, शब्द सुमारे 60,000. पण त्यानेही शब्द कोणत्या भाषेतून आला याची खूण पुढे कंसात टाकली आहे. आपण ती वगळून अर्थ तेवढा वाचतो.

इंग्रजांच्या मोठ्या कोशासाठी, म्हणजे ऑक्सफर्डच्या, 1879 मध्ये जेम्स मरे यांनी साध्या वाचकांना हाक घातली: पुस्तके वाचा, शब्द दिसला की वाक्यासह चिठ्ठी पाठवा. चिठ्ठ्यांचे डोंगर आले. कोश पुरा झाला 1928 ला, मरे 1915 लाच गेले होते. आपल्या मंडळात भाषणे कमी आणि चिठ्ठ्या जास्त हव्यात. दर सभासदाने वर्षाला दहा चिठ्ठ्या द्याव्यात: शब्द, कोण बोलले, कुठे बोलले, वस्तू कोणती. कासाराकडे जा, कोळणीकडे बसा, गुऱ्हाळावर रात्र काढा. तिकडे जाताना आपली व्युत्पत्ती मात्र घरी ठेवा.

आता कार्यक्रमपत्रिकेतल्या तिसऱ्या कलमाकडे येतो. ठराव असा आहे, की मंडळाने मराठीतल्या परकीय शब्दांची यादी करून त्यांना हद्दपार करण्याची मोहीम घ्यावी. मला दोन माणसांनी सांगितले, की याला शिवछत्रपतींचा आधार आहे. दफ्तरातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा त्यांचा राज्यव्यवहारकोश मलाही वंद्य आहे. दफ्तराची भाषा बदलणे हे राज्यकर्त्याचे काम होते आणि त्यांनी ते केले. पेशव्याला मुख्य प्रधान म्हटले, डबिराला सुमंत, सुरनिसाला सचिव. पण पुढे काय झाले? सचिव आजही मंत्रालयात बसतो, शब्द टिकला. आणि मुख्य प्रधान? 1817 मध्ये शनिवारवाड्यावरचे निशाण उतरले तोवर लोक त्याला पेशवाच म्हणत राहिले. एक शब्द लोकांनी घेतला, दुसरा परत केला. असे का, हे शोधायला आपण जमलो आहोत. घुसखोर पकडायला पोलीस पुष्कळ आहेत.

आणि ठरावाचा कागद माझ्या हातात आहे. साडेचार ओळी. त्यात 'हजर' सभासद आहेत, 'यादी' आहे, 'मंजूर' आहे, खाली 'तारीख' आहे आणि 'सही'साठी रेघ मारली आहे. सगळी मंडळी अरबी-फारसी मुलखातली. वरच्या कोपऱ्यात 'मसुदा' लिहिलेय, तोही तिकडचाच. सूचकांना माझी विनंती, की ठरावाची अंमलबजावणी ठरावापासूनच करावी. मी दहा मिनिटे थांबतो.

नाही? मग ठराव मतास टाकतो. बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत. विरोधातला पहिला हात माझा.