तिकीटखिडकी आणि घरची फीत

चित्रपटाच्या धंद्यांत शुक्रवारचा दिवस मोठा कठोर मानला जातो. वर्ष-दोन वर्षें शेंकडों माणसें खपलेलीं असतात, कर्जाचे कागद झालेले असतात, आणि त्या साऱ्या खटाटोपाचा निकाल चित्रगृहाच्या भिंतींतील एका लहानशा खिडकीपाशीं लागतो. खिडकीसमोर रांग लागली तर चित्र चाललें. खिडकीमागचा मनुष्य रिकामा बसून राहिला तर चित्र पडलें. ह्या निकालावर अपील नाहीं, अशी धंद्यांतील जुन्या लोकांची समजूत होती. पुढें व्हिडिओची फीत घरोघर आली आणि अपिलाची वाट उघडली. परंतु त्याच फितीनें कित्येक चित्रांचा, खिडकीपाशीं निकाल लागण्यापूर्वींच, घात केला, हेंही तितकेंच खरें आहे. एकच वस्तु एका देशांत चित्राला तारते आणि दुसऱ्या देशांत मारते, असें कां व्हावें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधण्यास १९९४ सालीं पडद्यावर आलेलीं दोन चित्रें पुरेशीं आहेत. एक अमेरिकेंतील, दुसरें मुंबईचें.

प्रथम खिडकीचा हिशेब समजून घेणें अवश्य आहे. अमुक चित्रानें इतके कोटि मिळविले असें वृत्तपत्रांत छापून येतें, तेव्हां तो सर्व पैसा निर्मात्याच्या पेटींत गेला असा सामान्य वाचकाचा समज होतो. वस्तुस्थिति तशी नाहीं. अमेरिकेंत ढोबळ मानानें निम्मा गल्ला चित्रगृहाकडेच राहतो. उरलेल्या निम्म्यांतून वितरक आपला वांटा, प्रतींचा खर्च आणि जाहिरातींचा खर्च वळता करून घेतो. हिंदुस्थानांत ह्या भागीदारींत करमणूक कराच्या रूपानें सरकारही बसलेलें असे. २०१७ सालीं वस्तु व सेवा कर आला, तेव्हां ती जुनी पद्धत मोडली. शिवाय येथें निर्माता आपलें चित्र प्रांतवार विकून टाकतो. राज्यपुनर्रचनेला कित्येक दशकें लोटलीं तरी ह्या धंद्याच्या वह्यांतून ‘सीपी-बेरार’ आणि ‘निझाम’ हे मुलूख अद्याप नाहींसे झालेले नाहींत. त्या त्या मुलुखाचा वितरक ठराविक रक्कम आगाऊ मोजतो, आणि चित्र पडलें म्हणजे प्रथम बुडतो तो तोच. म्हणून चित्राला जितका खर्च आला तितकाच गल्ला जमला, तर तें चित्र ‘बरोबरींत सुटलें’ असें म्हणणें चुकीचें ठरतें. तें चांगलेंच तोट्यांत गेलेलें असतें.

अमेरिकेंतील त्या चित्राची अवस्था नेमकी अशी झाली. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हें त्याचें नांव. स्टीफन किंग ह्या लेखकाच्या १९८२ सालच्या एका दीर्घकथेवरून फ्रँक डॅराबाँट ह्यांनीं तें दिग्दर्शित केलें. पत्नीच्या खुनाच्या आरोपावरून जन्मठेप भोगणारा एक बँकेंतील अधिकारी आणि तुरुंगांत त्याला भेटलेला एक जुना कैदी, ह्या दोघांच्या सुमारें वीस वर्षांच्या मैत्रीची ही कथा आहे. टिम रॉबिन्स आणि मॉर्गन फ्रीमन ह्यांनीं त्या भूमिका केल्या. खर्च आला सुमारें अडीच कोटि डॉलर. सप्टेंबर १९९४ मध्यें तें मोजक्या चित्रगृहांत लागलें आणि १४ ऑक्टोबर रोजीं देशभर गेलें. त्याच दिवशीं ‘पल्प फिक्शन’ हें गाजावाजा झालेलें चित्रही देशभर पसरलें. शॉशँकच्या वांट्याला रिकाम्या खुर्च्या आल्या. नांव उच्चारण्यास अवघड, कथा तुरुंगाची, आणि कथेंत नायिका अशी नाहींच! पहिल्या फेरींत सुमारें एक कोटि साठ लक्ष डॉलर जमले आणि नोव्हेंबरअखेर चित्र उतरलें. पुढें ऑस्कर पारितोषिकांसाठीं त्याच्या वांट्याला सात नामनिर्देशनें आलीं, म्हणून १९९५ च्या आरंभीं तें पुन्हां लावण्यांत आलें. पारितोषिक एकही मिळालें नाहीं, आणि देशांतील एकूण गल्ला दोन कोटि ऐंशी लक्षांच्या आसपास थांबला. निम्मा पैसा चित्रगृहांचा, हा हिशेब लक्षांत घेतला म्हणजे ह्या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाहीं.

येथें जुन्या काळीं गोष्ट संपली असती. परंतु १९९५ सालीं त्या चित्राच्या व्हिडिओ कॅसेटी निघाल्या. तिकीटखिडकीवर पडलेल्या चित्राच्या मानानें अतिशय धाडसाची अशी ३ लाख २० हजार प्रतींची संख्या भाड्यानें देणाऱ्या दुकानांकडे धाडण्यांत आली, आणि त्या वर्षीं सर्वांत अधिक भाड्यानें गेलेल्या चित्रांत त्याची गणना झाली. एकानें रात्रीं घरीं पाहावें, सकाळीं शेजाऱ्याला सांगावें, शेजाऱ्यानें संध्याकाळीं तीच कॅसेट आणावी, असा प्रकार चालला. १९९७ पासून एका दूरचित्रवाणी वाहिनीनें तें वारंवार दाखविण्यास आरंभ केला. ज्या चित्राकडे तिकीट काढून जाण्यास कोणी राजी नव्हतें, तें पुढें जगांतील अत्यंत लोकप्रिय चित्रांपैकीं एक गणलें गेलें.

हें घडूं शकलें तें आपोआप नव्हे. त्यामागें एक कायद्याची लढाई आणि बाजारपेठेची एक घडण होती. जपानच्या सोनी कंपनीनें १९७५ सालीं बीटामॅक्स हें यंत्र आणलें आणि दुसऱ्याच वर्षीं तेथील जेव्हीसी कंपनीचें व्हीएचएस निघालें. घरबसल्या दूरचित्रवाणीवरचें चित्र उतरवून घेण्याची सोय पाहून हॉलिवूडमधील कंपन्या हादरल्या. युनिव्हर्सल आणि डिस्ने ह्यांनीं १९७६ सालीं सोनीवर फिर्याद लावली. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि जानेवारी १९८४ मध्यें पांच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमतानें सोनीच्या बाजूनें निर्णय लागला. एका न्यायमूर्तीचें मत फिरलें असतें, तर घरच्या व्हिडिओचा इतिहास निराळा झाला असता. गंमत अशी कीं, जे हरले तेच ह्या पराभवानें श्रीमंत झाले. तोंपर्यंत मिशिगन संस्थानांतील एका उद्योजकानें ट्वेन्टिएथ सेंचुरी फॉक्सचीं पन्नास चित्रें रीतसर परवान्यानें कॅसेटींवर विकून दाखविलींच होतीं. तेथील कायद्याप्रमाणें विकत घेतलेली कॅसेट भाड्यानें देण्यास दुकानदार मोकळा होता. त्या भाड्यांत निर्मात्याला हिस्सा मिळत नसे. म्हणून कंपन्यांनीं भाड्याच्या कॅसेटीची किंमतच सत्तर-ऐंशी डॉलर किंवा त्याहून अधिक ठेवली. गृहस्थानें ती विकत घेऊं नये आणि दुकानदारानें मात्र घेतल्यावांचून राहूं नये, असा तो हिशेब होता. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धांत अमेरिकन चित्रपटांचें घरगुती व्हिडिओचें उत्पन्न चित्रगृहांच्या उत्पन्नाहून वरचढ झालें. शत्रु म्हणून ज्याच्यावर फिर्याद केली, तोच घरांतील कमावता पुत्र ठरला.

आतां मुंबईकडे वळावें. १९८२ सालच्या दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्तानें हिंदुस्थानांत रंगीत दूरचित्रवाणी आली आणि तिच्यामागोमाग परदेशांतून येणारीं व्हिडिओ यंत्रेंही घरांत शिरलीं. ज्यांना यंत्र विकत घेणें परवडत नसे ते एका रात्रीपुरतें तें दूरचित्रवाणीसकट भाड्यानें आणीत. चाळींत वर्गणी निघे, गॅलरींत सतरंज्या पसरल्या जात, आणि रात्रभरांत तीन-चार चित्रें पाहून मंडळी पहांटे डोळे चोळीत उठत. गांवोगांव व्हिडिओ पार्लर निघाले. लांब पल्ल्याच्या खासगी बसगाड्या ‘व्हिडिओ कोच’ ह्या पाटीनें उतारू ओढूं लागल्या. ह्यांतील बहुतेक फिती चोरीच्या. १९८४ सालीं कॉपीराइट कायद्यांत दुरुस्ती होऊन व्हिडिओ चित्रें त्याच्या कक्षेंत स्पष्टपणें आलीं. कॅसेटीवर हक्कदाराचें नांव-गांव घालण्याची सक्ति झाली. परंतु सक्ति कागदावर राहिली. १९९१ नंतर केबलच्या तारा इमारतींवरून लोंबूं लागल्या, तेव्हां एक चोरटी कॅसेट एकाच वेळीं शेंकडों घरांत दिसूं लागली. शुक्रवारीं लागलेलें चित्र त्याच आठवड्यांत केबलवर! अमेरिकेंत कॅसेटीमागें निर्मात्याच्या हातीं पैसे पडत. येथें पडे ती केवळ बातमी, कीं आपलें चित्र अमक्या वस्तींत काल रात्रीं सर्वांनीं पाहिलें. सुखवस्तु कुटुंबांनीं चित्रगृहाची वाट सोडली, उत्पन्न घटलें म्हणून मालकांनीं पंखे व खुर्च्या दुरुस्त करणें सोडलें, आणि चित्रगृह कळाहीन झालें म्हणून उरलेलींही कुटुंबें येईनाशीं झालीं.

अशा काळांत, ऑगस्ट १९९४ मध्यें, राजश्री ह्या संस्थेचें ‘हम आपके हैं कौन’ मुंबईच्या लिबर्टी चित्रगृहांत लागलें. सूरज बडजात्या ह्यांचें दिग्दर्शन, तीन तासांहून अधिक लांबी, चौदा गाणीं, आणि कथा म्हणाल तर दोन घरांतील लग्नाची. १९८२ सालीं ह्याच संस्थेनें काढलेल्या ‘नदिया के पार’ची ती नागरी आवृत्ति होती. खलपुरुष नाहीं, मारामारी नाहीं. माधुरी दीक्षित, रीमा लागू, लक्ष्मीकांत बेर्डे अशी ओळखीचीं मराठी मंडळी त्यांत होतीं, आणि ‘रामलक्ष्मण’ ह्या नांवानें संगीत देणारे विजय पाटीलही मराठीच. धंद्यांतील अनेकांनीं हें चित्र लग्नाची लांबलचक व्हिडिओ फीत म्हणून हिणविलें.

परंतु राजश्रीनें एक गोष्ट निश्चयानें केली. व्हिडिओचे हक्क विकले नाहींत आणि कॅसेट बाजारांत येऊं दिली नाहीं. चित्र आरंभीं मोजक्याच ठिकाणीं लावलें, आणि तेंही नीटनेटकीं आसनें आणि उत्तम ध्वनिव्यवस्था ठेवणाऱ्या चित्रगृहांतच. तिकिटाचे दर वाढविले, आणि चोरट्या फितींवर नजर ठेवली. गाण्यांच्या ध्वनिफिती मात्र घरोघर जाऊं दिल्या. म्हणजे कानांनीं ऐकावें घरीं, पण डोळ्यांनीं पाहावयाचें असेल तर चित्रगृहांतच यावें. ह्याचा परिणाम असा झाला कीं, दहा-बारा वर्षें ज्यांनीं चित्रगृहाची पायरी चढली नव्हती ते आजोबा-आजी नातवंडांसह, लग्नाला निघाल्यासारखे नटून, लिबर्टीकडे येऊं लागले. १९४९ सालीं मेहबूब ह्यांच्या ‘अंदाज’नें उघडलेल्या त्या देखण्या चित्रगृहांत हें चित्र शंभराहून अधिक आठवडे चाललें. देशांत शंभर कोटींचा गल्ला ओलांडणारें पहिलें हिंदी चित्र म्हणून त्याचें नांव घेतलें जातें. दुसऱ्या वर्षीं मराठा मंदिरांत लागलेल्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’नें तर डिसेंबर २०१४ मध्यें एक हजार आठवडे पूर्ण केले, आणि तेंही घरोघर तबकड्या व दूरचित्रवाणी असतांना.

दोन्ही चित्रांची कहाणी शेजारीं ठेवली म्हणजे प्रारंभींच्या प्रश्नाचा उलगडा होतो. एकाला कॅसेटीनें तारलें, दुसरें कॅसेट रोखल्यामुळें तरलें. फरक यंत्रांत नव्हता. तें दोन्हीकडे एकाच जातीचें. फरक होता तो, घरीं पाहणाऱ्याचा पैसा चित्र काढणाऱ्यापर्यंत पोंचण्याची वाट बांधलेली होती कीं नव्हती, ह्यांत. जेथें ती वाट होती तेथें घर हें दुसरें चित्रगृह झालें. जेथें नव्हती तेथें घर हें गळकें मडकें ठरलें, आणि शहाण्या व्यापाऱ्यानें त्यांत पाणी न ओतणेंच पसंत केलें.

त्यानंतर साधनें वेगानें पालटलीं. १९९६ सालीं जपानांत डीव्हीडीची तबकडी निघाली. येथें व्हीसीडी रस्त्यारस्त्यावर विकल्या गेल्या. भाड्याच्या कॅसेटींचें अमेरिकेंतील सर्वांत मोठें दुकानजाळें, ब्लॉकबस्टर, २०१० सालीं दिवाळखोरींत गेलें. टपालानें तबकड्या पाठविणाऱ्या नेटफ्लिक्सनें २००७ पासून तारेवरून चित्रें दाखविण्यास आरंभ केला आणि जानेवारी २०१६ मध्यें ती हिंदुस्थानांत आली. मार्च २०२० मध्यें साथीमुळें चित्रगृहांना कुलपें लागलीं, तेव्हां खिडकीचा काळ संपला असें भाकीत अनेकांनीं केलें. तें खरें ठरलें नाहीं; परंतु पडद्यावर लागल्यापासून किती आठवड्यांनीं चित्र घरीं जावें, ह्यावर चित्रगृहचालक आणि निर्माते ह्यांची घासाघीस चालू झाली. बडजात्यांनीं एकट्यानें घातलेला बांध आतां सर्व धंद्याला हवासा वाटूं लागला आहे.

ह्या घासाघिशींत एक ताजें उदाहरण दोन्ही पक्षांनीं विचारांत घ्यावें असें आहे. राही अनिल बर्वे ह्यांचें ‘तुंबाड’ हें कोंकणांतील पाऊस, पडका वाडा आणि माणसाचा हव्यास ह्यांवरचें चित्र ऑक्टोबर २०१८ मध्यें लागलें. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे ह्यांच्या कादंबरीची आठवण करून देतें. जाणत्यांनीं वाखाणलें, खिडकीवर मात्र बेताचीच गर्दी जमली. पुढें तें घरच्या पडद्यावर आलें, आणि सहा वर्षें एकानें दुसऱ्याला सांगावें असें चाललें. सप्टेंबर २०२४ मध्यें तें पुन्हां चित्रगृहांत लागलें, तेव्हां पहिल्या खेपेपेक्षां अधिक गल्ला जमला. ज्यांनीं तें घरीं पाहिलें होतें तेच तिकीट काढून आले. बाहेर पावसाळा सरत आलेला आणि आंत पडद्यावर अखंड पाऊस. तो पाऊस अंधारांत, शेंदीडशें अनोळखी माणसांच्या शेजारीं बसून पाहावा, एवढ्यासाठीं ते आले होते.