श्रमिक मृतांचे स्मरण व आपले कर्तव्य

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सभेत केलेले भाषण)



ज्युबिली हा शब्द आपणांस पवित्र शास्त्रातून लाभला आहे. पन्नासावे वर्ष आले की रणशिंग फुंकावे, दास मुक्त व्हावे आणि हातची गेलेली जमीन मूळ कुळास परत मिळावी, अशी मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे. तेव्हा ज्युबिली म्हणजे केवळ रोषणाई व मेजवानी नव्हे; जो बांधला गेला आहे त्यास सोडविणे हाच तिचा आत्मा होय. ह्या सोहळ्यात आपण दिवंगत धर्मगुरूंची व दात्यांची नावे आदराने घेतली. आता ज्यांची नावे कोणत्याही शिलेवर कोरलेली नाहीत, अशा मृतांकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

दरवर्षी २८ एप्रिल रोजी, काम करता करता मरण पावलेल्या श्रमिकांचे स्मरण अनेक देशांत केले जाते. १९८४ साली कॅनडातील कामगारांनी ही प्रथा आरंभिली. २००३ पासून आंतरराष्ट्रीय कामगार संघटना तोच दिवस कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य ह्यांसाठी पाळते. मृतांसाठी शोक करावा व जिवंतांसाठी झटावे, असा ह्या दिवसाचा दुहेरी हेतू आहे.

आपल्या देशात ह्या मृतांमध्ये गटारांत व संडासांच्या टाक्यांत गुदमरलेले लोक आहेत. मैला कुजला म्हणजे हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू निर्माण होतो. तो हवेहून जड असल्यामुळे तळाशी साचतो. थोडा असता सडक्या अंड्यासारखी त्याची दुर्गंधी येते. परंतु तो वाढला की वास घेण्याची शक्तीच बधिर होते, आणि दुर्गंधी सरली म्हणजे धोका टळला, असे त्या बिचाऱ्यास वाटते. मग काही श्वासांतच मनुष्य कोसळतो. वर उभा असलेला सोबती, कधी सख्खा भाऊ, त्यास काढावयास उतरतो व तोही तेथेच राहतो. एकाच टाकीत दोघातिघांचे मरण वर्तमानपत्रांत वारंवार वाचावयास मिळते, ते ह्यामुळेच. मित्रासाठी प्राण देण्याहून थोर प्रीती नाही, हे प्रभूचे वचन आपण शिरोधार्य मानतो. परंतु ज्या बलिदानाचे प्रयोजनच नव्हते, ते घडू देणाऱ्या समाजास त्या वचनाआड लपता येणार नाही.

कायदा नाही म्हणून हे घडते काय? तसे नाही. संरक्षक साधनांवाचून मनुष्यास गटारात वा टाकीत उतरविणे हा २०१३ च्या अधिनियमाने गुन्हा ठरविला असून, पहिल्या अपराधासही दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सफाई कर्मचारी आंदोलनाने २००३ साली सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९९३ पासून गटारांत मृत्यू पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावेत, असा निकाल २०१४ साली झाला. २०२३ साली न्यायालयाने ही रक्कम तीस लाखांवर नेली. ह्या आंदोलनाचे धुरीण बेझवाडा विल्सन ह्यांस २०१६ साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मैला शोषून घेणाऱ्या गाड्याही आज उपलब्ध आहेत.

मग उणीव कशाची? पिढ्यान् पिढ्या अस्पृश्य लेखलेल्या जातींच्या माथी हे काम मारले गेले, आणि त्यांच्या जिवाचे मोल कमी धरण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळली. गाडीपेक्षा दोन गडी स्वस्त पडतात, हा हिशेब केवळ मोठे ठेकेदार करीत नाहीत. घरधनी करतो, सोसायटीची कमिटीही करते. नफ्यासाठी मनुष्यास वस्तूप्रमाणे राबविणे लज्जास्पद व अमानुष आहे, असे पोप तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली आपल्या ‘रेरूम नोव्हारूम’ ह्या परिपत्रकात बजावले. आपण हे वचन गिरणीमालकांस लावतो. परंतु ज्या दिवशी आपल्या अंगणातील टाकी उपसली जाते, त्या दिवशी तेच अंगण कोणाचे तरी कामाचे ठिकाण असते, आणि तेथील धनी आपण असतो.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे: नवे घर बांधणाऱ्याने धाब्यास कठडा करावा, नाही तर कोणी पडून मेल्यास त्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल. पडणाऱ्याने सांभाळून चालावे, असे शास्त्र म्हणत नाही. कठड्याची जबाबदारी ते घरधन्यावर टाकते.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षी तीन निश्चय आपण करू या. आपल्या धर्मग्रामातील कोणत्याही घराच्या, शाळेच्या वा खुद्द मंदिराच्या टाकीत मनुष्य उतरविला जाणार नाही. गाडीचा खर्च ज्यास झेपत नाही, त्यास धर्मग्रामाच्या मदतनिधीतून साहाय्य मिळेल. कोणी टाकीत पडलाच, तर मागोमाग उडी न घेता तत्काळ अग्निशमन दलास बोलवावे, हे आपल्या मुलाबाळांस शिकवू. आणि दरवर्षी २८ एप्रिलच्या पवित्र मिस्सात, आपल्या जिल्ह्यात कामावर मेलेल्या श्रमिकांची नावे, ते कोणत्याही धर्माचे असोत, वेदीसमोर वाचू. आणि त्याच दिवशी, यंत्रे पुरवावीत व कायदा अमलात आणावा असे लेखी मागणे नगरपालिकेकडे व ग्रामपंचायतीकडे पाठवू.

नाझरेथच्या सुताराच्या घरी श्रम करून वाढलेला प्रभू येशू त्या मृतांस चिरशांती देवो, आणि आपल्या दारी कामास आलेला प्रत्येक जण सायंकाळी सुखरूप आपल्या घरी पोहोचो. आमेन.