रात्री तुम्ही किती जणी होतात?

(स्त्री-आरोग्यावर काम करणाऱ्या गटांच्या मेळाव्यात एका निवृत्त परिचारिकेने केलेलं हे भाषण. त्यांच्या इच्छेवरून त्यांचं आणि रुग्णालयाचं नाव दिलेलं नाही. – संपादक)



या मेळाव्याला बोलावलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. तुमची आणि आमची ओळख बहुधा भांडणातूनच होते. सिस्टर ओरडल्या, सिस्टरांनी पैसे मागितले, सिस्टरांनी लक्ष दिलं नाही, अशा तक्रारी घेऊन तुम्ही रुग्णालयात येता. तुम्ही फाटकात दिसलात की आमच्या पोटात गोळा येतो, आणि तुम्ही गेल्यावर आम्ही आपसात म्हणतो, 'यांना एक रात्र इथे उभं करा, म्हणजे कळेल.' माझी ३६ वर्षं सरकारी रुग्णालयांत गेली. त्यातली बरीचशी लेबर रूममध्ये. २०२१ मध्ये मी निवृत्त झाले. आज मी माझ्याविरुद्धच्या एका तक्रारीबद्दल बोलणार आहे. ती तक्रार खरी होती.

२००९ सालची पावसाळ्यातली रात्र. लेबर रूममध्ये टेबलं चार. आम्ही दोघी ड्युटीवर. त्यातली एक सिझेरियनसाठी ऑपरेशन थिएटरला गेली. कळा देणाऱ्या बाया सात, दोघी जमिनीवर गादी टाकून. एकीचं बाळ रडेना, ते घेऊन डॉक्टर पळाले. एकीची वार पडत नव्हती. तेवढ्यात तिसऱ्या टेबलावरची मुलगी, असेल एकोणीस-वीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, ती पाय मिटून घ्यायला लागली आणि आईच्या नावाने ओरडायला लागली. बाळाचं डोकं दिसत होतं. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तिच्या मांडीवर फटका मारला आणि म्हटलं, 'आता कशाला रडतेस?' पुढे जे म्हटलं ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. लेबर रूममध्ये बायांना जे ऐकवतात, तेच. मी इथे ते उच्चारणार नाही.

बाळ नीट झालं. सकाळी आठला मी ओव्हर दिली. घरी जाऊन डबे केले. दुपारी दोन तास झोपले. संध्याकाळी उठल्यावर त्या मुलीचा चेहरा आठवेना. मला माझीच भीती वाटली ती तेव्हा. मारल्याचं वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुमच्यातलीच एक कार्यकर्ती आली. त्या मुलीच्या आईने तिला सांगितलं होतं. मी तयारीतच होते, कमरेला पदर खोचून. तिने बसायला खुर्ची मागितली, वही काढली आणि पहिला प्रश्न विचारला, 'त्या रात्री तुम्ही किती जणी होतात?'

चोवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मेट्रननी नाही, साहेबांनी नाही, आमच्या युनियननेही असा नेमका नाही. मी सांगितलं. तिने लिहून घेतलं. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, 'आणि तरीही, मारलं का?' याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. मी रडले. तिने रडू दिलं, पण प्रश्न मागे घेतला नाही.

या दोन प्रश्नांबद्दलच मला आज बोलायचं आहे.

आधी थोडं 'सेवा' या शब्दाबद्दल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने बायकांना नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं. त्यांत विधवा होत्या. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, रक्त-मलमूत्र काढायचं, रात्री घराबाहेर राहायचं, हे त्या काळच्या घरांना कसं पटणार? तेव्हा 'सेवा' हा शब्द त्या बायकांची ढाल होता. ही सेवा आहे म्हटलं की लोकांची तोंडं निदान थोडी बंद व्हायची. आमची पिढी आली तोवर त्या ढालीची वेसण झाली होती. प्रशिक्षणाच्या समारंभात हातात मेणबत्ती देऊन आम्हांला शपथ दिली. सिस्टर हसतमुख असते, सिस्टर दमत नाही, सिस्टर उलट बोलत नाही. आमचं कागदावरचं पद 'अधिपरिचारिका'. ते नाव पगारपत्रकाबाहेर कोणी घेत नाही. सगळ्यांची मी सिस्टर. बहिणीला कोणी विचारतं का, तुझे कामाचे तास किती?

मग दमलेली बाई काय करते? ती मनातच स्वतःला म्हणते, माझाच सेवाभाव कमी पडला. मी चांगली नर्स उरले नाही. त्या घटनेनंतर मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला होता. पाच महिने तो तिथेच होता.

याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात, हे मला पुष्कळ नंतर कळलं. १९७४ मध्ये फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्या लोकांबद्दल हा शब्द वापरला. म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याच, ध्येयापोटी काम करणाऱ्यांबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नोंद घेतली. ती आजार म्हणून घेतली नाही. कामाशी निगडित घटना म्हणून घेतली. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला, की त्यातून तीन गोष्टी होतात असं त्यात म्हटलं आहे. अंगातलं त्राण जातं, कामाबद्दल मन विटतं किंवा तुटतं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागतं. त्या संध्याकाळी मला काहीच वाटत नव्हतं, ती यातली दुसरी गोष्ट.

मी याला करपणं म्हणते. भाकरी करपली तर आपण तवा किती तापला होता ते बघतो. उलटायला कोणी होतं की नाही, ते बघतो. नर्स करपली की मात्र पीठच वाईट होतं म्हणायचं.

तवा का तापला, तेही सांगते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. बायांनी दवाखान्यात बाळंत व्हावं म्हणून तुम्हीही गावोगाव सांगितलंत, आणि ते योग्यच होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ मध्ये देशात दवाखान्यात होणारी बाळंतपणं १०० पैकी जेमतेम ३९ होती. २०१९-२१ च्या पाहणीत ती जवळजवळ ८९ झाली. पण आमच्याकडची टेबलं चारच राहिली, नर्सही तेवढ्याच, आणि निवृत्त झालेल्यांच्या जागा रिकाम्या. भारतीय परिचर्या परिषदेचं अध्यापन रुग्णालयातल्या साध्या वॉर्डासाठी मानक आहे, एका पाळीत नऊ रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी ३० टक्के जादा. आमच्या बाळंतिणींच्या वॉर्डात खाटा तीस, एका खाटेवर दोघी आणि दोन बाळं, आणि रात्री एक सिस्टर. तुम्हीच हिशेब करा.

हिशेबावरून आठवलं. दर १२ मे ला, परिचारिका दिनी, आम्ही फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या फोटोला हार घालायचो. हातात दिवा घेतलेली बाई. ही बाई आकडेशास्त्री होती, १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीची पहिली स्त्री-सभासद झाली होती, हे मला प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. क्रिमियाच्या युद्धात शिपाई जखमांपेक्षा रुग्णालयातल्या घाणीने आणि रोगांनी जास्त मरत होते, हे तिने आकडे मांडून सरकारला दाखवलं. आम्हांला फक्त तिचा दिवा दिला. वही दिली नाही.

त्या कार्यकर्तीच्या प्रश्नानंतर आम्ही चौघींनी वही घातली. तारीख, पाळी, नर्स किती, आया किती, बाया किती, बाळंतपणं किती. शेवटचे दोन रकाने आमचे: जेवण झालं का, आणि लघवीला जाता आलं का. तीन महिन्यांची वही अर्जासोबत वर पाठवली. उत्तर आलं, 'सेवाभाव ठेवून काम करावे.' दुसऱ्या वेळी अर्जावर आमच्या सह्या होत्या आणि महिला गटाच्याही. तेव्हा रात्रीला एक नर्स आणि एक आया वाढली. फार नाही. पण कळा देणाऱ्या बाईजवळ तिच्या घरची एक बाई बसू द्यायला तेव्हापासून सुरुवात झाली. पुढे २०१६ मध्ये केंद्र सरकारच्याच सूचना आल्या की बाळंतपणात सोबतीण असू द्यावी. तिथे मी पाहिलं, सोबतीला आई किंवा बहीण असली की हात उगारला जात नाही. तिच्या डोळ्यांचा धाक असतो हे खरं. आणि पाठ चोळायला, पाणी पाजायला एक हात वाढतो, हेही खरं.

आता दुसरा प्रश्न. तरीही मारलं का? वहीतल्या आकड्यांनी याचं उत्तर मिळत नाही. डॉक्टर उशिरा आले तर मी त्यांना मारलं नसतं. साहेबांना तसं बोलले नसते. त्या रात्री थिएटरमधून परत आलेल्या माझ्या जोडीदारणीवरही ओरडले नाही. हात उठला तो सगळ्यांत गरीब, सगळ्यांत लहान, उघड्या अंगाने पडलेल्या मुलीवर. माझा थकवा उतरणीवरून पाण्यासारखा खाली गेला. तसाच तो आमच्याकडून आयाबाईवर जातो, कंत्राटी नर्सवर जातो, रात्री-अपरात्री बाईला घेऊन येणाऱ्या आशाताईवर जातो. तिला आम्ही व्हरांड्यात बसायलाही नीट सांगत नसू. त्याच आशांना २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरवलं, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातल्या आशांना मोबदल्यासाठी संप करावा लागला. कागदावर त्या 'स्वयंसेविका'. पुन्हा तोच शब्द बघा. करोनात २२ मार्च २०२० ला आमच्यासाठी थाळ्या वाजल्या. त्याच सुमारास माझ्या एका सहकारी मुलीला घरमालकाने खोली सोडायला सांगितली.

मी त्या मुलीकडे गेले होते. ती अजून बाळंतिणींच्या वॉर्डात होती. मी म्हटलं, 'माझं चुकलं.' ती काही बोलली नाही. बाळाला घेऊन कुशीवर वळली. तिच्या आईने, 'असू द्या बाई,' म्हटलं, पण ते भीतीने म्हटलं होतं. मला माफी मिळाली असं मी कधी मानलं नाही. अर्ज मात्र फाडला. पळून जाऊन तिची भरपाई होणार नव्हती.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. रुग्णालयात जाल तेव्हा तक्रार जरूर करा, आमच्यावर दया दाखवून ती गिळू नका. पण दोन्ही प्रश्न विचारा, आणि दोन्हींची उत्तरं लिहून घ्या. पहिलाच विचारलात तर मार खाल्लेली बाई एकटी पडेल. दुसराच विचारलात तर एका सिस्टरची बदली होईल आणि पुढच्या रात्री तिच्या जागी दुसरी करपायला उभी राहील. आमच्या रिकाम्या जागा हा तुमच्या आरोग्य-हक्काच्या मागणीपत्रकातला मुद्दा करा, कंत्राटी नर्स आणि आशांसकट. आणि माझ्या नर्स मैत्रिणींना सांगते, वही घाला. दमलात तर दमले म्हणा, लाज बाळगू नका. ज्या संध्याकाळी काहीच वाटेनासं होईल, त्या संध्याकाळी ते कुणाजवळ तरी बोला. मी बोलले नव्हते.

ती मुलगी आता पस्तिशीची असेल. तिच्या मुलीचं बाळंतपण काही वर्षांनी अशाच कुठल्या तरी टेबलावर होईल. तिथे रात्री किती जणी असतील, हे आपल्याला आत्ता ठरवायचं आहे.

एवढं बोलून मी थांबते.