हा सल्ला आला कुठून?

कोविडच्या लाटेतला एप्रिल २०२१ आठवा. 'बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा तातडीने हवा' असे निरोप रात्रंदिवस मोबाइलवर येत होते. रक्तपेढ्यांच्या दारात नातेवाईक ताटकळत होते. कोविडच्या सरकारी उपचार-सूचनेत बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला हा प्लाझ्मा होता, म्हणून डॉक्टर चिठ्ठी देत. आजार मध्यम असावा, पहिल्या सात दिवसांतच द्यावा, अशा अटी सूचनेत होत्या. चिठ्ठीपर्यंत त्या क्वचितच पोहोचत.

आणि प्लाझ्माचा उपयोग होतो का, याचं उत्तर तर आधीच हाती होतं! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वतःच ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर 'प्लॅसिड' चाचणी घेतली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये ती 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. प्लाझ्माने आजार बळावणंही थांबलं नाही आणि मृत्यूही घटले नाहीत. परिषदेने नोव्हेंबरात सरसकट वापराविरुद्ध इशारा दिला, पण सूचनेतून प्लाझ्मा वगळला गेला तो १७ मे २०२१ला. त्याआधी विषाणुतज्ज्ञ गगनदीप कांग, टाटा रुग्णालयाचे सी. एस. प्रमेश आणि इतरांना सरकारच्या मुख्य वैज्ञानिक सल्लागारांना पत्र लिहावं लागलं.

अशी उपचार-सूचना, म्हणजे गाइडलाइन, तपासायची कशी? त्यासाठी 'अ‍ॅग्री' नावाची मोजपट्टी आहे. तिची दुसरी आवृत्ती २०१० साली आली. सहा गटांत २३ प्रश्न, प्रत्येकाला एक ते सात गुण, आणि तपासनीस किमान दोन. पुरावा कसा शोधला? कोणत्या पुराव्यावरून कोणती शिफारस निघाली? ती पुन्हा कधी तपासणार? पैसा कुणाचा, समितीतल्या कुणाचे हितसंबंध कुठे गुंतलेत? सहाही गटांचे गुण वेगवेगळे मांडायचे, त्यांची बेरीज करायची नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. नाहीतर सुबक तक्ते आणि रंगीत चौकटींच्या जोरावर पोकळ गाइडलाइनही पास व्हायची. गुण कमी पडतात ते बहुधा अंमलबजावणीच्या गटात. तालुक्याच्या दवाखान्यात हे जमेल का, हा प्रश्न समितीच्या टेबलावर फारसा येतच नाही.

तपासनिसाला दिसतं ते छापलेलंच. समितीने कितीही कष्ट घेतले असले, तरी लिहिले नसतील तर गुण नाहीत. म्हणून लिहिणाऱ्यांसाठी २०१७ साली 'राइट' ही २२ मुद्द्यांची यादी आली. अर्थात, या मोजपट्ट्या सल्ला बरोबर की चूक ते सांगत नाहीत. तो कसा तयार झाला, एवढंच त्या दाखवतात. प्लाझ्माच्या बाबतीत तेवढंही पुरलं असतं. शिफारशीशेजारी तिचा पुरावा आणि फेरतपासणीची तारीख छापलेली असती, तर 'प्लॅसिड'चा निकाल आल्यावर तो रकाना कुणाच्या तरी डोळ्यांत खुपला असता.

सभागृहात डॉक्टर मंडळी दिसताहेत. त्यांना एकच विनंती. पुढची गाइडलाइन हाती आली, की डोसचं पान उघडण्याआधी पैसा कुणाचा आणि पुरावा कोणता ही दोन पानं शोधा. ती सापडली नाहीत, तर गाइडलाइन काढणाऱ्यांना पत्र लिहा.